तीन नंबरवरची हाक

आमच्या आयसीयूत प्रत्येक मॉनिटरला एक बटन आहे. त्याला आम्ही सगळ्याजणी ‘चुप वाला बटन’ म्हणतो. मॉनिटर बोंबलायला लागला की ते दाबायचं, मग तो दोन मिनिटं गप्प बसतो. रुग्णाच्या बोटातला चिमटा निसटला, कोणी कूस बदलली, कोणी जोरात खोकलं, तरी मॉनिटरला वाटतं की माणूस चालला. दिवसातून किती वेळा ते बटन मी दाबते कोण जाणे. एकदा घरी मायक्रोवेव्ह वाजला, तर मी तंद्रीत उठून त्याच्या काचेवर बोट दाबत उभी राहिले. तो गप्प होईना म्हणून माझा पारा चढला. मुलगी हसून हसून पलंगावर लोळली. मला मात्र हसू आलं नाही.

देवासच्या एका खाजगी इस्पितळात मी चौदा वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ आयसीयूत. आठ खाटा, आणि खिडकी एकही नाही. प्रत्येक खाटेला मॉनिटर, प्रत्येकाला औषध सोडणारा पंप, कोणाला मास्कचं मशीन, आणि प्रत्येकाचा सूर निराळा. त्यात एसीची घरघर, छातीतला कफ ओढणाऱ्या नळीची खरखर, काउंटरवरचा फोन, ‘डॉक्टर साहब इमरजेंसी में आएँ’ म्हणणारा माईक. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी वरच्या मजल्यावर नवीन ऑपरेशन थिएटरचं काम चालू होतं, म्हणजे डोक्यावर सकाळी नऊपासून ड्रिल. आणि माणसं. मशीनपेक्षा माणसं जास्त वाजतात. चार ते पाच भेटायची वेळ. नातेवाईक आत आले की बेशुद्ध माणसाच्या कानाशी असे ओरडतात की शेजारच्या खाटेवरचा शुद्धीवर यावा.

आमच्या दारावर ओठांवर बोट ठेवलेल्या एका गोऱ्या नर्सचं चित्र लावलेलं आहे. नऊ वर्षांत तिचं ऐकणारं एकही माणूस मी पाहिलं नाही. मीही त्यातलीच.

माझा नवरा इथल्याच एका कारखान्यात आहे, प्रेस मशीनवर. त्याच्याकडेही आवाज काही कमी नाही. पण त्यांना कानात घालायला नारिंगी बोळे मिळतात, आणि न घातले तर सुपरवायझर ओरडतो. कारण त्यांच्या आवाजात ऐकण्यासारखं काही नसतं. आमचं बरोबर उलट आहे. आम्हाला ऐकायचंच असतं, सगळं, सगळा वेळ. ज्या आवाजानं डोकं उठतं, त्याच्याकडेच कान लावून बसायचा पगार मिळतो. एकदा नवऱ्यानं त्याच्या बोळ्यांची एक जोडी आणून दिली. मी ती पर्समध्ये ठेवली आणि कधी वापरली नाही. कामावर वापरता येत नव्हती, आणि घरी घातली तर कानातलं आतलं सूं-सूं जास्तच ऐकू यायचं.

कारण तोपर्यंत तेही सुरू झालं होतं. ड्यूटीवरून आले की कानात बारीक, न थांबणारा एक सूर. झोपेत दात आवळले जायचे, सकाळी जबडा दुखायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. कुकरची दुसरी शिट्टी झाली की अंगावर काटा यायचा. बरं, घर तरी शांत असावं, तर आमची गल्ली देवीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नवरात्रात नऊ दिवस भोंगे, एरवी कोणाची ना कोणाची मिरवणूक, आणि डीजेच्या गाडीनं आमची कपाटातली भांडी थरथरतात. नवरा म्हणायचा, “अगं, देवीची गल्ली आहे, एवढं तर चालणारच ना यार.” मी त्याच्यावर खेकसायचे. मुलीवर तर विनाकारण खेकसायचे.

“मम्मी, तू इतक्या जोरात का बोलते?” ती एकदा म्हणाली. “मी बाजूलाच बसलेली आहे ना.”

मला कळतच नव्हतं की मी जोरात बोलते. आयसीयूतून बाहेर पडताना मी गणवेश बदलायचे, चपला बदलायचे, पण तिथला आवाज तसाच गळ्यात घेऊन यायचे.

मी बदली मागितली होती. ओपीडीत टाका, लसीकरणात टाका, कुठेही खिडकी असलेल्या खोलीत टाका. इन्चार्ज सिस्टरनं माझा अर्ज दोन बोटांत धरून मला परत दिला. “आयसीयू का ट्रेंड स्टाफ मैं कहाँ से लाऊँ? आप जाओगी तो यूनिट कौन चलाएगा?” माझी स्तुती झाली असं मला वाटायला हवं होतं. मला दार बाहेरून लावल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांत मला एक खोड लागली होती, मान हलवायची. ड्रिलखाली कोणी काही बोललं तर पहिल्यांदा मी ‘हाँ?’ म्हणायचे, दुसऱ्यांदा पुढे वाकायचे, तिसऱ्यांदा समोरच्याचं तोंड वाकडं झालेलं दिसायचं, म्हणून मान हलवून मोकळी व्हायचे. बहुतेक वेळा ते काही महत्त्वाचं नसायचं. पुढे पुढे मी पहिले दोन टप्पे गाळलेच. आमच्याकडे सगळ्याच असं करायच्या, आणि ज्या नाही म्हणतात त्या खोटं बोलतात.

आता आमच्याकडच्या एका मुलीबद्दल सांगते. ती धार जिल्ह्यातल्या गंधवानीकडची. तेवीस वर्षांची, नर्सिंगचा कोर्स करून सरळ आमच्याकडे लागलेली, अजून कायम न झालेली. घरात नोकरी लागलेली पहिलीच. अंगानं काटकुळी, पण पायांत भिंगरी. कोणीही ‘सिस्टर!’ म्हणून हाक मारली की ती वॉर्डच्या कुठल्याही कोपऱ्यातून उत्तर द्यायची, “आई!” म्हणजे हिंदीतलं ‘आई’, आलेच. “आई, आई, बस आई.” सगळ्याच मुली असं म्हणतात, पण हिचं शेवटचं ‘ई’ लांब आणि बारीक असायचं. गोंगाटात ते वेगळं कळायचं. मला ते आवडायचं. ती ‘आई’ म्हणाली की त्या खाटेची काळजी मी डोक्यातून काढून टाकायचे.

माझ्या कानाला तो शब्द तसाच ऐकायची सवय झाली होती. आमचे पूर्वज पवारांच्या दरबाराबरोबर इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी बोलतो. माझं माहेर धारचं, तिथेही मराठीच. मी माझ्या आईला आईच म्हणायचे. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. माझी मुलगी हिंदी शाळेत शिकली, ती मला मम्मी म्हणते, आणि जावांची मुलंही मम्मीच म्हणतात. देवासात आपल्या आईला आई म्हणणारं माणूस माझ्या रोजच्या ऐकण्यात उरलंच नव्हतं. तो शब्द दिवसभर वॉर्डात पडायचा, आणि त्याचा अर्थ एवढाच असायचा की कोणीतरी निघालं आहे, आता मला उठायला नको.

त्या दिवशी दुपारची ड्यूटी होती. तीन नंबरवर सत्तरीच्या एक बाई होत्या, फुप्फुसात पाणी झालेल्या, तोंडाला घट्ट मास्क. कागदावरच्या आडनावावरून मला कळलं होतं की त्या मराठी आहेत, पण मास्कमुळे एक शब्द बोलणं झालं नव्हतं. तीन आणि चार नंबर त्या मुलीकडे होते. एक-दोन माझ्याकडे, शिवाय शिफ्टची जबाबदारी माझी. चारला भेटायची वेळ सुरू झाली आणि एकाच वेळी सगळं वाजायला लागलं. दोन नंबरच्या माणसाचे पाच नातेवाईक आत घुसले होते, त्यांतल्या एकाच्या मोबाईलवर भजन वाजत होतं. वर ड्रिल. मी पंपाची संपलेली सिरिंज बदलत होते. मुलगी माझ्या शेजारून गेली, हातात बर्फाच्या डब्यात रक्ताचा नमुना होता, जो लगेच लॅबमध्ये पोचवावा लागतो. ती थांबून काहीतरी बोलली. पुढे तिनं सांगितलं की ती म्हणाली होती, “दीदी, लैब जा रही हूँ, मेरे तीन नंबर को देख लेना.” तिनं असंही सांगितलं की मी मान हलवली.

ते मला आठवत नाही. आजही आठवत नाही.

थोड्या वेळानं तीन नंबरचा मॉनिटर वाजायला लागला. तिथला पडदा ओढलेला होता, नुकतंच अंग पुसून झालं होतं म्हणून. मी काउंटरवर आले होते, फाईलमध्ये लिहीत होते. मी मान वर केली आणि तेवढ्यात पडद्याच्या आतून ऐकू आलं, “आई... आई...” बारीक, शेवटचं ‘ई’ लांबवलेलं.

मला वाटलं, आहे ती तिथे. कोणाला तरी ‘आले’ म्हणते आहे.

काउंटरवर सगळ्या खाटांचा मिळून एक मोठा पडदा आहे, तिथूनही आवाज बंद करता येतो. मी तीन नंबरचं बटन दाबलं आणि लिहीत राहिले. दोन मिनिटांनी तो पुन्हा वाजला. पडद्याआडून पुन्हा ‘आई’ ऐकू आलं, या वेळी अर्धवट. मी चिडले. एवढा वेळ काय करते आहे ही तिथे, असं मनात म्हणाले, आणि पुन्हा दाबलं.

मग समोरचं मोठं दार उघडलं आणि ती मुलगी आत आली, हातात रिकामा डबा.

मी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मी पेन टाकून उठले. ती मात्र माझ्या आधी धावली. बाईंनी मास्क ओढून गळ्याशी आणला होता, ओठ निळे झाले होते, डोळे अर्धवट उघडे. पुढचं सगळं आम्ही हातांनी केलं, डोक्यानं नाही. डॉक्टर धावत आले, नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. नातेवाईकांना बाहेर काढलं. भजनवाला मोबाईल खाली पडला होता, तो वाजतच राहिला.

बाई जगल्या. पण मास्कवर सुधारत होत्या, त्या व्हेंटिलेटरवर गेल्या, आणि तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं की त्यातून त्या परत येतील की नाही.

दोन दिवसांनी चौकशी झाली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत ते, इन्चार्ज सिस्टर, ऑफिसातले एक गृहस्थ. खोलीला जाड दार होतं. ते लावल्यावर इतकी शांतता झाली की मला घाबरायला झालं. मॉनिटरच्या नोंदीत निघालं की तीन नंबरचा आवाज काउंटरवरून दोनदा बंद केला होता. कोणी केला, ते मशीन सांगत नाही. काउंटरवर त्या वेळी कोणीही असू शकतं, असं इन्चार्ज म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलगी रडत नव्हती. तिनं सरळ सांगितलं, “मैं दीदी को बोल के गई थी. दीदी ने सिर हिलाया था.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मुझे याद नहीं,” मी म्हणाले.

हे खरं होतं. आणि मी ते खोटं बोलण्यासाठी वापरलं. बटनाबद्दल मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “तुला आठवत नाही तर नाही. तू कशाला पुढे होते? त्या मुलीला दुसरीकडे लागेल काम.” मग म्हणाला, “लागेल ना?” तो आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. ती मुलगी रोज कामावर यायची, मला पूर्वीसारखीच ‘दीदी’ म्हणायची, आणि निर्णय येईपर्यंत तिला खाटा देऊ नयेत असा हुकूम होता म्हणून दिवसभर गॉजच्या घड्या घालत बसायची. हाकेला ‘आई’ म्हणणं तिनं बंद केलं होतं. कोणी तिला हाकच मारत नव्हतं.

मला तिचा रागही यायचा, हे कबूल करते. एवढं जोरात का नाही बोललीस, असा राग. हात धरून का नाही सांगितलंस. मग ड्रिल सुरू व्हायचं, आणि माझी मान कोणासाठी तरी आपोआप हलायची, आणि मला स्वतःची शिसारी यायची.

नवव्या दिवशी बाईंची नळी निघाली. घसा बसलेला, पण शुद्ध पूर्ण. मी त्यांचे केस विंचरत होते, तर त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “आपल्यातली का गं तू?”

“हो.”

“माहेर?”

“धार.”

“धारेस आमच्या वन्सं दिल्या होत्या,” त्या म्हणाल्या. इतकी जुनी मराठी मी माझ्या आईनंतर ऐकली नव्हती. मग थोडं थांबून, दम घेत म्हणाल्या, “त्या दिवशी माझा जीव फार घाबरला गं. तोंडावरलं काढलं तरी श्वास येईना. मी आईला हाका मारीत होते. मी सात वर्षांची होते तेव्हा गेली ती. इतक्या वर्षांत कधी हाक मारली नाही, आणि त्या दिवशी दुसरं काही तोंडात येईना.”

मी फणी पुन्हा केसांतून फिरवली.

“ऐकली असेल ती कोणी,” त्या म्हणाल्या. “म्हणून वाचले.”

मी त्यांची चादर नीट केली, उशी वर घेतली, आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. जन्मभर ज्या शब्दानं मी आईला हाक मारली, तो माझ्या कानावर दोनदा पडला आणि मला ओळखू आला नाही. बाहेर एक, चार आणि सात नंबर एकत्र वाजत होते. कुठला कोणाचा आहे हे मला रडतानाही कळत होतं.

त्याच दिवशी मी लिहून दिलं. हिंदीत, मोठ्या अक्षरात, एक पान. मुलगी मला सांगून गेली असणार, कारण मी सगळ्यांनाच मान हलवते. बटन दोन्ही वेळा मी दाबलं. पडद्याआडून मी ‘आई’ ऐकलं, ते रुग्ण आपल्या आईला बोलावत होती, आणि मला वाटलं सिस्टर ‘आई’ म्हणते आहे.

इन्चार्जनं वाचून कागद उलटा ठेवला. “किसने बोला आपको लिखने का?”

“किसी ने नहीं.”

“मामला ठंडा हो रहा था,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती.

मोठे डॉक्टर उत्तरेकडचे. त्यांनी ‘आई’वर बोट ठेवून माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाले, “मतलब आपने सुना था.”

“सुना था.”

“सुनाई तो दिया, पर समझ नहीं आया.” ते विचारात पडले. “कान की जाँच करवा लीजिए.”

त्यांच्या मनात काय आहे ते मला लगेच कळलं. माझे कान बिघडलेले निघाले तर दोष कोणाचाच नव्हता असं लिहिता येत होतं. माझी आयसीयूतून सुटका होत होती आणि मुलगी राहत होती. मी देवाला हात जोडून बहिरेपण मागितलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इंदूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी आशेनं कानात बोट घालून पाहत होते. डाव्या कानानं जरा कमी येतं, असं स्वतःला पटवत होते.

तिथे कानाच्या दवाखान्यात एका छोट्या खोलीत मला बसवलं. भिंतींना गादीसारखं अस्तर, जाड दार, छोटी काच. कानांवर मोठे हेडफोन आणि हातात बटन. आवाज आला की दाबायचं. दार लागलं आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. अशा शांततेसाठी मी कित्येक वर्षं तडफडत होते, आणि आता बसले तर नजर दारावरून हलेना. मला तीन नंबर ऐकू यायला लागला. खरोखर, त्याच सुरात. मी बटन दाबलं. पुन्हा ऐकू आला, पुन्हा दाबलं. काचेपलीकडची मुलगी हेडफोनमध्ये म्हणाली, “मैडम, अभी तो मैंने कुछ बजाया ही नहीं.”

तिनं मला पाणी दिलं, पाच मिनिटं थांबू दिलं, आणि तपासणी पुन्हा केली. रिपोर्ट हातात आला. दोन्ही कान व्यवस्थित. वयाच्या मानानं चांगलेच, असं ती कौतुकानं म्हणाली. कानात वाजतं त्याचं काय, मी विचारलं. ते कमी आवाजात राहिलात तर कमी होईल, असं ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी तो कागद चार वेळा वाचला. माझ्याजवळ जी एक सबब होती, तीही गेली.

पुढे जे झालं ते एका बैठकीत आटोपलं. बाई घरी जाणार होत्या, त्यांच्या घरच्यांची तक्रार नव्हती. पण काही केल्याचं दाखवायला हवं होतं. माझं पत्र फाईलला लागलं, त्याच्यावर रिपोर्ट लागला. मला तोंडी समज मिळाली. निष्कर्षात लिहिलं, मशीनचे आवाज नियमानुसार, सीनियर स्टाफची श्रवणशक्ती सामान्य, आणि रुग्ण जिच्या ताब्यात होती ती खाट सोडून गेलेली. मुलीला काढलं. मी म्हणाले, मग मलाही काढा. मोठे डॉक्टर हसले. चांगल्या मनानं हसले. “आपके बिना यूनिट नहीं चलेगी, सिस्टर.” घरी जाऊन मी राजीनामा लिहिला, तो तीन दिवस फ्रीजवर पडून होता. माझ्या मुलीची बारावी होती. चौथ्या दिवशी मी पुन्हा दुपारच्या ड्यूटीला गेले.

त्याच दिवशी ती काढलेली मुलगी गणवेश आणि ओळखपत्र जमा करायला आली. आयसीयूच्या दाराबाहेर भेटली, खांद्याला पिशवी, गंधवानीला जायला निघालेली. मी तिला बाजूला घेतलं. मी सगळं लिहून दिलं होतं, खरं खरं, हे तिला कळायला हवं होतं. तिनं मला माफ करावं असंही मला वाटत होतं, लपवण्यात अर्थ नाही.

“मालूम है, दीदी,” ती म्हणाली. “इन्चार्ज मैडम ने बताया. आपने अच्छा किया.”

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

“एक बात पूछूँ? बुरा मत मानना.”

“पूछ.”

“आपको लगा कि मैं वहाँ हूँ, इसलिए आप नहीं उठीं. ठीक है.” तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “पर मैं होती भी, और आप भी आ जातीं, अपन दोनों हो जाते वहाँ, तो क्या बिगड़ जाता?”

तेवढ्यात आत कुठलासा मॉनिटर वाजला. “जाना पड़ेगा,” मी म्हणाले आणि तिचा हात सोडला. मॉनिटरच्या आवाजाकडे इतक्या घाईनं मी त्याआधी कधी गेले नव्हते.